ऑक्सिटोसिनचा नेझल स्प्रे: एका शुभंकराने केलेले परीक्षण

परीक्षणासाठी माझ्यासमोर असलेली वस्तू म्हणजे तपकिरी काचेची, 30 मिलीलिटरची, वर पंप बसवलेली एक बाटली आहे. तिच्या दर्शनी बाजूस ‘ऑक्सिटोसिन’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असून मागच्या बाजूस दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा फवारण्याची सूचना आणि विश्वास, जवळीक व लोकांत वावरण्याची सहजता वाढते असे आश्वासन आहे. ज्या संकेतस्थळावरून ती मागवली, तेथे स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या नावे लिहिलेले भारावलेले अभिप्राय होते. माझ्या मावसभावाने ती अमेरिकेत मागवली आणि एप्रिलमध्ये पुण्याला येताना कपड्यांच्या बॅगेतून आणली. किंमत रुपयांत साडेतीन हजारांच्या आसपास पडली. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. अशी दुकाने पुष्कळ आहेत आणि माझे म्हणणे एका दुकानापुरते मर्यादित नाही.

ज्याच्यासाठी बाटली आणली तो माझा धाकटा भाऊ. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि त्याला आता पंधरा वर्षे झाली. आमच्या आधारगटात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्या माणसाला ‘शुभंकर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मला आवडतात, म्हणून पुढे तेच वापरते. भावाचे भास आणि संशय औषधांनी आटोक्यात आहेत. जे उरले आहे त्यावर औषधाचा फारसा इलाज चालत नाही. समोरचा माणूस थट्टा करतो आहे की रागावला आहे, हे त्याला चेहऱ्यावरून आणि आवाजावरून चटकन ओळखता येत नाही. भाचीच्या साखरपुड्यात तो तीन तास खुर्चीत बसून होता आणि ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला त्याने प्रत्येकाला ‘हो’ असे उत्तर दिले. सोसायटीच्या वॉचमनने गमतीने ‘आज काय साहेब, ऑफिसला दांडी?’ असे विचारले, तर त्यानंतर दोन दिवस तो खाली उतरला नाही. तज्ज्ञ यातील काही भागाला नकारात्मक लक्षणे म्हणतात आणि काही भागाला सामाजिक आकलनातील अडचण म्हणतात. भास हटवणारी औषधे प्रामुख्याने मेंदूतील डोपामाइन या रसायनावर काम करतात, आणि या दुसऱ्या गोष्टींवर त्यांचा परिणाम तोकडा पडतो. घरातल्या माणसांना मात्र भासांपेक्षा याच गोष्टी अधिक काळ सलतात. म्हणून ‘लोकांत वावरण्याची सहजता’ ही तीन शब्दांची जाहिरात वाचून माझी आई, जी एरवी साबणाची जाहिरातसुद्धा खरी मानत नाही, ती विरघळली.

ऑक्सिटोसिन हे काही भोंदूपणातून निघालेले नाव नव्हे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तयार होऊन पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येणारे हे संप्रेरक आहे. पीयूषिकेच्या अर्कामुळे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवले. नऊ अमिनो आम्लांच्या या साखळीची रचना उलगडून व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये ती प्रयोगशाळेत तयार केली आणि 1955 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीच्या कळा आणि आईला फुटणारा पान्हा ही या संप्रेरकाची जुनी, निर्विवाद कामे आहेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचे इंजेक्शन आजही जीव वाचवते.

बाटलीवरचे नाव वाचून आमचे कऱ्हाडचे काका मात्र ताडकन म्हणाले, ‘अगं, हे तर म्हशीचं इंजेक्शन!’ त्यांचेही चुकले नव्हते. रेडकू दगावलेल्या म्हशीने पान्हा चोरला की तिला सुई टोचून दूध काढायचे, हा गैरप्रकार आपल्याकडे गोठ्यागोठ्यांत इतका बोकाळला की 2018 मध्ये केंद्र सरकारने या औषधाची आयात बंद केली आणि देशांतर्गत उत्पादन कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचा आदेश काढला. प्रसूतिगृहांना औषध कमी पडेल या चिंतेने प्रकरण न्यायालयात गेले आणि खासगी उत्पादनावरची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केली. हे सारे मी बाटली घरात आल्यावर वाचले. मावसभावाने ती आणायला नको होती आणि आम्ही मागवायला नको होती, हे येथेच मान्य करून टाकते.

पान्ह्याच्या संप्रेरकाचा विश्वासाशी संबंध कसा जोडला गेला, हे समजल्याशिवाय या वस्तूचे मूल्यमापन करता येत नाही. 2005 मध्ये झुरिक येथील संशोधकांनी पुरुषांना नाकातून 24 युनिट ऑक्सिटोसिन देऊन पैशांचा एक खेळ खेळायला लावला. अनोळखी माणसावर भरवसा टाकून हातातली सगळी रक्कम त्याच्याकडे सोपवणाऱ्यांचे प्रमाण ऑक्सिटोसिन घेतलेल्यांत 45 टक्के आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला तसाच फवारा घेतलेल्यांत 21 टक्के निघाले. प्रयोग लहान होता. बातमी मात्र जगभर झाली आणि ‘प्रेमाचे संप्रेरक’ हे बिरूद याच सुमारास लोकांच्या तोंडी बसले. पुढे 2020 मध्ये कितीतरी अधिक माणसांवर, पद्धत आधीच जाहीर करून, तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा एकंदरीत तसा परिणाम आढळला नाही. संकेतस्थळावर 2005 चा उल्लेख आहे आणि 2020 चा नाही, यावरून विक्रेत्याचे वाचन कुठे थांबले ते कळते.

स्किझोफ्रेनियातील चाचण्यांची कहाणीही अशीच आशेने सुरू होते. 2010 मध्ये सॅन डिएगो येथील चाचणीत 15 शुभार्थींना चालू औषधांच्या जोडीला तीन आठवडे ऑक्सिटोसिन आणि तीन आठवडे प्लासिबो देण्यात आला; तिसऱ्या आठवड्याअखेर लक्षणांत फरक दिसला. 2011 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील गटाला दोन आठवड्यांच्या उपचारानंतर, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधण्याच्या कसोटीत सुधारणा आढळली. 2013 मध्ये इराणमधील 40 शुभार्थींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीचाही निष्कर्ष अनुकूल आला. इथवर वाचणाऱ्या कोणत्याही शुभंकराचा हात खिशाकडे जाईल. मोठ्या आणि अधिक काळ चाललेल्या चाचण्यांत मात्र हा परिणाम ओसरत गेला. सिडनीमध्ये आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील 52 तरुणांना सहा आठवडे सामाजिक आकलनाचे प्रशिक्षणही दिले आणि दिवसातून दोनदा स्प्रेही दिला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत खरा स्प्रे आणि खोटा स्प्रे यांच्या गटांत सामाजिक आकलनाचा फरक निघाला नाही. 2017 मध्ये आलेल्या बारा आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीतही सामाजिक आकलन सुधारल्याचे सिद्ध झाले नाही. ऑटिझम असलेल्या 290 मुलांवर 24 आठवडे चाललेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही रिकाम्या हाताने परतली.

या साऱ्यांत मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटलेला अभ्यास लॉस एंजेलिसचा आहे. तेथे 27 पुरुष शुभार्थींना सहा आठवड्यांत सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणाची बारा सत्रे दिली आणि प्रत्येक सत्राच्या थोडे आधी काहींना ऑक्सिटोसिन, काहींना प्लासिबो दिला. दुसऱ्याच्या भावनेचा अचूक अंदाज घेण्याच्या कसोटीत ऑक्सिटोसिनचा गट पुढे गेला आणि महिन्याभरानंतरही तो फरक टिकला. त्या चाचणीत स्प्रे रोजच्या टॉनिकासारखा घेतलेला नव्हता. शिकण्याच्या वेळेपुरता मेंदू अधिक ग्रहणशील व्हावा, अशी त्यामागची कल्पना होती. ही कल्पना मला पटते. पण सिडनीच्या चाचणीतही प्रशिक्षण होतेच, आणि तरी फायदा दिसला नाही, ही गोष्ट मी स्वतःपासून लपवू इच्छित नाही. शिवाय नाकात मारलेल्या औषधापैकी मेंदूपर्यंत नेमके किती पोहोचते, यावर संशोधकांतच वाद आहे. रक्तात तर हे संप्रेरक काही मिनिटांतच निम्मे होऊन जाते.

आता या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष बाटलीकडे पाहू. चाचण्यांत वापरलेल्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारणतः चार युनिट असत, म्हणजे 24 युनिटसाठी सहा फवारे लागत. आमच्या बाटलीवर युनिटचा आकडाच नाही. एका फवाऱ्यात किती औषध आहे हे न सांगता ‘दिवसातून दोनदा’ असे सांगणे म्हणजे वजन न सांगता दोन पिशव्या गहू विकण्यासारखे आहे. दुसरा दोष साठवणुकीचा. ऑक्सिटोसिन उष्णतेने खराब होते. प्रसूतिगृहातील इंजेक्शने 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात, आणि जिल्हा रुग्णालयातील परिचारिकासुद्धा त्या फ्रिजच्या तापमानाची नोंद ठेवते. आमची बाटली न्यू जर्सीहून पुण्यापर्यंत मोजे आणि चॉकलेटांच्या मध्ये दबून आली, तेही एप्रिलमध्ये. बाटलीवर तापमानाविषयी एक अक्षर नाही. याचे दोनच अर्थ निघतात: एक तर विक्रेत्याला औषधाची मूलभूत माहिती नाही, किंवा आत खराब होण्यासारखे काही नाहीच. पंप चांगला आहे, फवारा बारीक येतो, झाकण घट्ट बसते. एवढे श्रेय उत्पादकाला दिले पाहिजे.

वापराचा अनुभवही सांगणे आवश्यक आहे, जरी तो सांगताना संकोच वाटतो. मनोविकारतज्ज्ञांची भेट दहा दिवसांनी होती आणि आईला तेवढा धीर निघाला नाही. भावाला विचारून, त्याच्या होकाराने, तिने स्प्रे सुरू केला. चौथ्या दिवशी आम्हाला फरक दिसू लागला. तो जेवताना दोन वाक्ये अधिक बोलला. आईच्या गुडघ्याची त्याने आपणहून चौकशी केली. सहाव्या दिवशी तो माझ्या मुलाबरोबर कॅरम खेळला आणि राणी गेली तेव्हा हसला. मी वहीत तारखेनिशी नोंदी केल्या. नवव्या दिवशी, मी बाटली उजेडासमोर धरून किती उरले आहे ते पाहत असताना, तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, नाक चुरचुरतं. तिसऱ्या दिवसापासून मी बेसिनमध्येच मारतोय.’ आई रागावली नाही, हे मला तिचे मोठेपण वाटते. मी वही पुन्हा वाचली. त्या आठवड्यात आई चहा घेऊन त्याच्याशेजारी अर्धा अर्धा तास बसत होती, कारण परिणाम दिसतो का ते तिला पाहायचे होते. माझा मुलगा कॅरम घेऊन आला, कारण मामा आता खेळेल असे मीच त्याला सांगितले होते. चाचण्यांत खोटा स्प्रे का लागतो आणि तो कोणाला मिळाला हे घरच्यांनाही का कळू देत नाहीत, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या वहीने अधिक स्वच्छ समजावले. संकेतस्थळावरचे ते भारावलेले अभिप्राय खोटेच असतील असे मी म्हणत नाही. माझाही अभिप्राय पाचव्या दिवशी तसाच झाला असता.

डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आधी भावाला विचारले, ‘पाणी किती पितोस?’ प्रश्न मला असंबद्ध वाटला, पण तसा तो नव्हता. ऑक्सिटोसिन आणि शरीरातील पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके भावंडेच आहेत. त्यांच्यात केवळ दोन अमिनो आम्लांचा फरक आहे. म्हणून ऑक्सिटोसिनचे प्रमाण फार झाले, तर पाणी साचून रक्तातील सोडियम घसरू शकते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी काहींना बादलीने पाणी पिण्याची सवय लागते आणि काही मनोविकारांवरील औषधांनीही सोडियम कमी होते. चाचण्यांतील मोजलेल्या मात्रेत स्प्रे बहुतेकांना सोसला, पण त्या चाचण्यांत युनिट माहीत होते आणि तपासणी करणारे डॉक्टर होते. स्किझोफ्रेनियावरील उपचार म्हणून या स्प्रेला आपल्याकडे किंवा अमेरिकेत मान्यता नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. आमच्यावर ते ओरडले नाहीत. ‘पुढच्या वेळी दहा दिवस थांबू नका, फोन करा,’ एवढेच म्हणाले.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ असे आधारगटात हमखास विचारले जाते. ऑक्सिटोसिन सरसकट माया वाढवते, हे समीकरण संशोधकांनी केव्हाच मागे टाकले आहे. 2009 मधील एका प्रयोगात त्याने खेळातील मत्सर आणि दुसऱ्याच्या हानीवरचा आनंद वाढवला. 2011 मधील एका प्रयोगात बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वदोष, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर राहण्याचा विकार, असलेल्यांत त्याने विश्वास कमी केला. एका मतानुसार हे संप्रेरक सामाजिक खुणा अधिक ठळक करते: ज्याला जग आपले वाटते त्याला नजरांत आपुलकी दिसते, आणि ज्याला जग वैरी वाटते त्याला त्याच नजरा अधिक टोचतात. वॉचमनच्या थट्टेने दोन दिवस घरात बसणाऱ्या माणसाला प्रत्येक नजर अधिक ठळक दिसावी, असे मला तरी वाटत नाही.

साडेतीन हजार रुपयांत दुसरे काय मिळाले असते, हे परीक्षणात यायला हवे. आमच्या भागातील एका दिवसकेंद्रात भाऊ गेले दीड वर्ष आठवड्यातून तीन दिवस जातो. तेथे सात-आठ शुभार्थी गोलात बसतात आणि समुपदेशक त्यांच्याकडून रोजचे प्रसंग वठवून घेतात: रिक्षावाल्याकडे सुट्टे नाहीत, वाण्याने शिळी ब्रेड दिली, लग्नात कोणी पगार विचारला. त्याच त्या प्रसंगाची दहा-दहा वेळा उजळणी होते. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल, आणि खरोखरच ते कंटाळवाणे आहे. पण मागच्या गणपतीत शेजारच्या काकूंनी ‘लग्न कधी करतोस?’ असे विचारले, तेव्हा त्याने ‘तुम्ही मोदक घ्या ना’ असे उत्तर दिले. घरी आल्यावर त्याने सांगितले की हे उत्तर केंद्रातच ठरले होते. केंद्रातही सारे आलबेल नाही: समुपदेशक वर्षभरात दोनदा बदलल्या, आणि पावसाळ्यात छत गळते म्हणून सत्रे रद्द होतात.

अशा कामाला पुराव्याचा आधारही आहे आणि तो परका नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे मिळून स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेली एक चाचणी 2014 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी शुभार्थींच्या घरी जाऊन औषधे, दिनचर्या, लोकांत मिसळणे आणि काम यांसाठी बारा महिने मदत केली, आणि केवळ दवाखान्यातील उपचार घेणाऱ्यांशी त्यांची तुलना केली. लक्षणे आणि अपंगत्व या दोन्हींत सुधारणा अधिक झाली. ती माफक होती आणि तमिळनाडूतील केंद्रात अधिक ठळक होती. माफक असली तरी ती बारा महिन्यांनंतर मोजलेली होती आणि तिला फ्रिज लागत नव्हता.

संप्रेरकांचा मार्गच बंद आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मेलबर्न येथील प्राध्यापक जयश्री कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांना चालू औषधांच्या जोडीला इस्ट्रोजेनची त्वचेवर लावायची पट्टी देऊन चाचण्या केल्या. 2008 मधील चाचणीत 102 आणि 2015 मधील चाचणीत 183 स्त्रिया होत्या, आणि दोन्हींत लक्षणे प्लासिबोपेक्षा अधिक कमी झाली. तो वेगळा विषय आहे, त्याचे धोकेही वेगळे आहेत आणि ते उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होऊ शकतात.

गुणांकन असे: पंप आणि बांधणी, पाचपैकी चार; माहितीपत्रक, शून्य; साठवणूक आणि वाहतूक, शून्य; दाव्यांचा खरेपणा, शून्य; एकूण, पाचपैकी अर्धा. ज्यांना ऑक्सिटोसिनविषयी खरेच उत्सुकता आहे, त्यांनी बाटली मागवण्याऐवजी आपल्या डॉक्टरांना एखादी नोंदणीकृत चाचणी सुरू आहे का ते विचारावे. भारतातील चाचण्यांची नोंद केंद्रीय नोंदवहीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. चाचणीत मात्रा किती, सोडियमची तपासणी कधी, मध्येच बाहेर पडता येते का आणि स्प्रेच्या जोडीला प्रशिक्षण आहे का, हे चार प्रश्न शुभार्थीच्या समोरच विचारावेत, कारण नाक त्याचे आहे. आमची बाटली डॉक्टरांनी ठेवून घेतली असून नव्याने येणाऱ्या शुभंकरांना ते ती दाखवतात.